डोंगरावर जाऊन आल्यावर

शुक्रवार, १२ सप्टेंबर

मुंगे,

पाकीट उलटसुलट करून बघू नकोस, अक्षर माझंच आहे. आणि आधीच सांगून टाकतो: कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही, तुझी कशावर सहीही नको आहे. तेव्हा उभ्या उभ्या फाडायची घाई करू नकोस.

पत्ता लेकीने दिला. म्हणजे मी मागितला. ती म्हणाली, "आत्याचा फोन नंबरच देते ना." मी म्हटलं, नको, फोन ती माझा आवाज ऐकून ठेवून देईल, पत्र निदान पेटीत तरी पडून राहील. लेकीने मुकाट्याने कागदावर पत्ता लिहिला आणि चहा टाकायला आत गेली. पोरगी तुझ्यावर गेली आहे. जिथे चार शब्द सुनावायला हवेत तिथे गप्प बसते, आणि ते जास्त लागतं.

लिहायला कारण विशेष नाही. उद्या मी सहलीला चाललोय. हस खुशाल. पासष्टावा वाढदिवस झाला म्हणून लेकीने परस्पर माझं नाव नोंदवलं. एका दिवसाची सहल, गाईडसह, डोंगरावरच्या त्या थंड हवेच्या गावाला. सकाळी साडेसहाला बस, संध्याकाळी साडेसातला परत. "गरम कपडे व आरामदायक पादत्राणे आणावीत," असं कागदावर छापलंय. माझ्याकडे दोनच जोड आहेत. एक लग्नाकार्याला घालायचे, ते चावतात. दुसरे कामाचे, जाड रबरी तळव्यांचे. कामाचेच घालणार.

पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, लोकांना वर-खाली पाठवलं, पण चौदाव्या मजल्याच्या वर मी स्वतः कधी गेलो नाही. आता एकदम डोंगर.

लेक तिच्या घरी असते, इथे हे सांगायला कोणी नाही. तुझी वहिनी असती तर तिने रात्रीच पिशवी भरून दाराशी ठेवली असती. ती गेली तेव्हा तू लेकीच्या नावाने दोन ओळी पाठवल्या होत्यास. मी वाचल्या त्या. छान लिहिलं होतंस.

तर उद्या चाललोय, एवढंच. कोणाला तरी सांगावंसं वाटलं.

दादा


रविवार, १४ सप्टेंबर

मुंगे,

जाऊन आलो. अंग असं आंबलंय की पेन धरतानाही दंड दुखतो, पण मजा आली. खरंच आली.

आमची गाईड म्हणजे पंचविशीतली मुलगी. हातात पिवळी छत्री, गळ्यात शिट्टी, आणि मोजायचं वेड. बसमध्ये चढताना मोजते, उतरताना मोजते, कोणी बाथरूमला जाऊन आलं की पुन्हा पहिल्यापासून मोजते. एकतीस आकडा जमला की तिचा चेहरा असा उजळतो, जणू ही एकतीस माणसं तिनेच जन्माला घातली आहेत. माइकवर विनोद करते. "उजवीकडच्यांनी धबधबा बघून घ्या. डावीकडच्यांनी वाईट वाटून घेऊ नका, येताना तो तुमच्या बाजूला येणार आहे." रोज हाच विनोद करत असणार, तरी आम्ही सगळे हसलो.

माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांच्या डोक्यावर लाल लोकरीची टोपी, आणि बाई घाट सुरू झाल्यापासून त्यांना धारेवर धरून. "खिडकी लाव. गोळी घेतलीस का? मग आता घे. पाणी नको एवढं पिऊस, बस थांबत नाही." टोपीवाले प्रत्येक गोष्टीला "हो हो" म्हणायचे आणि काहीच करायचे नाहीत. मी मनात म्हटलं, पन्नास वर्षांचा संसार दिसतोय.

गाव उतारावर सांडल्यासारखं आहे. एकच मोठा रस्ता, तोही असा चढा की दुकानदारांनी टेबलांच्या एका बाजूच्या पायांखाली विटा लावल्या आहेत. लोकरीच्या टोप्या, लाकडी खेळणी, मेणबत्त्या आणि पुन्हा टोप्या. मधे एक तळं, त्यात हंसाच्या आकाराच्या होड्या. एका हंसाची मान तुटून दोरीने बांधली होती. त्यात मात्र कोणी बसत नव्हतं.

मग आम्हाला पॉइंटवर नेलं. तिथून म्हणे सात शिखरं दिसतात. समोर नुसतं पांढरं, धोतर वाळत घालावं तसं धुकं. गाईड हटली नाही. छत्रीने त्या पांढऱ्यात इकडेतिकडे दाखवून तिने साती शिखरांची उंची सांगितली. टोपीवाल्यांनी विचारलं, "तिसरं जरा उजवीकडे नाही का?" ती म्हणाली, "बरोबर आहे काका, आज सरकलंय."

जेवण एका जुन्या हॉटेलात होतं. आणि मुंगे, तिथे लिफ्ट होती! जाळीच्या सरकत्या दाराची, पितळी दांड्याची. दांडा उजवीकडे केला की वर, डावीकडे की खाली, आणि मजल्याशी नेमकी थांबवायची ती हाताच्या अंदाजाने. असली मी कामाला लागलो त्या वर्षी एक पाहिली होती, तीही मोडीत काढताना. मी अर्ध्या ताटावरून उठलो. लिफ्टमन माझ्याच वयाचा. मी म्हटलं, "ब्रेकला नवे पॅड लावलेत वाटतं, आवाज कोरा आहे." त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या बुटांकडे बघितलं आणि बाजूला सरकून दांडा माझ्या हातात दिला. मी तिसऱ्या मजल्यावर नेऊन थांबवली. त्याने खाली वाकून फटीत बोट धरलं. अजिबात फरक नाही. तो म्हणाला, "मला सहा महिने लागले होते." मी एवढा खूष झालो की उरलेलं जेवण राहिलं ते राहिलंच.

शेवटचा कार्यक्रम रोपवे. दोराला लटकलेले डबे एका टेकडीवरून दुसरीवर जातात. आमच्या डब्यात सहा जण: मी, गाईड, टोपीवाले, त्यांच्या बाई आणि एक नवं लग्न झालेलं जोडपं. बरोबर मधोमध पोचलो आणि खट् करून थांबलो. खाली दरी, चारी बाजूंनी धुकं, डबा झुलतोय. नवी नवरी रडायला लागली. नवऱ्याचा चेहरा तिच्यापेक्षा वाईट. टोपीवाल्यांच्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

तेव्हा मी पुढे झालो. म्हटलं, घाबरू नका, पस्तीस वर्षं हेच काम केलंय. वारा वाढला की हे आपोआप थांबतं, म्हणजे यंत्र बिघडलेलं नाही, शहाणपणाने वागतंय. दोर एक दिसतो, पण आत तारांचे पीळ असतात, एक तुटली तरी बाकीच्या धरून ठेवतात. असं सगळं समजावून सांगितलं. हळूहळू सगळे शांत झाले. पंचवीस मिनिटं लटकलो होतो. बाईंनी डोळे उघडून मला विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?" मी लेकीबद्दल सांगितलं, आणि एक बहीण आहे म्हणून सांगितलं. मग डबा हलला. पलीकडे उतरल्यावर सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

आणि ऐक, टोपीवाले आणि त्या बाई नवरा-बायको नव्हतेच! भाऊ-बहीण निघाले. मोठा तो, एकोणऐंशीचा. दर वर्षी एक सहल करतात म्हणे दोघं.

येताना धबधबा माझ्या बाजूला आला, पण मला झोप लागली होती.

दादा


बुधवार, १७ सप्टेंबर

मुंगे,

रविवारचं पत्र पेटीत टाकलं आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. त्यात मी काही खोटं लिहिलं, काही लपवलं. टाकलेलं पत्र परत काढता येत नाही, म्हणून हे दुसरं.

पहिलं म्हणजे मी पुढेबिढे झालो नाही. डबा थांबला तेव्हा सगळ्यात आधी घाबरलो तो मी. मी चक्क खाली बसलो, डब्याच्या फरशीवर, बाकाचा पाय धरून. नवी नवरी रडली ती मला बघून रडली. तुला वाटेल, लिफ्टवाला आणि घाबरला? अगं, म्हणूनच घाबरला. बाकीच्यांना एकच भीती होती, दोर तुटेल. मला सतरा ठाऊक होत्या.

गाईड माझ्याशेजारी फरशीवर बसली. छत्री बाजूला ठेवली आणि म्हणाली, "काका, दुपारी तुम्ही ती लिफ्ट चालवलीत ना? मग मला सांगा, हे असं कशाने थांबतं? मला लोक नेहमी विचारतात आणि मी काहीतरी ठोकून देते." मी सांगायला लागलो. ती मधेमधे विचारत राहिली, "आणि तार तुटली तर? आणि वीज गेली तर?" माझा आवाज कापत होता, मग कापायचा थांबला. मी सगळ्यांना समजावलं हे खरं, पण ते मला धीर यावा म्हणून तिने माझ्याकडून बोलवून घेतलं होतं. टाळ्या वाजल्या, त्याही तिनेच सुरू केल्या.

दुसरं खोटं मी तिथे डब्यात बोललो आणि तुझ्यापासून लपवलं. बाईंनी विचारलं, "बहीण कुठे असते?" मी म्हटलं, "जवळच. चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. दर रविवारी येते माझ्याकडे. आली की आधी माझा चष्मा काढून घेते, पुसते आणि माझ्यावर ओरडते." मुंगे, एवढं सगळं मी एका दमात बोललो, कुठून आलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, "नशीबवान आहात." टोपीवाले म्हणाले, "ओरडते ना? मग ठीक चाललंय."

मी मान हलवली. बसमध्येही मला झोप लागली नव्हती. धबधबाही बघितला नाही, खिडकीकडे तोंड करून बसलो होतो.

आता जे लिहायला हवं ते लिहितो. बाबा गेल्यावर चौथ्या दिवशी घर भरलं होतं. काका म्हणाले, "या पोरीने बापासाठी नोकरी सोडली, सात वर्षं अंथरुणाशी काढली." आणि मी म्हटलं, "ती तरी दुसरीकडे जाणार कुठे होती?" तू दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होतीस. तू ट्रे खाली ठेवलास, एकही कप हिंदकळला नाही. संध्याकाळी किल्ल्या माझ्यासमोर ठेवल्यास आणि गेलीस. नऊ वर्षं झाली.

ते मी का म्हटलं, याचं कारण मी स्वतःला अनेक वेळा अनेक तऱ्हांनी सांगितलंय. सगळे तुझं कौतुक करत होते आणि प्रत्येक शब्द मला माझ्याविरुद्ध वाटत होता, हे त्यातल्या त्यात खरं. चुकलो. नीच बोललो. माफ करावंस असं नाही, पण मला माहीत आहे हे तुला माहीत असावं.

दादा


मंगळवार, ३० सप्टेंबर

मुंगे,

तुझं पत्र काल आलं. एवढंसं. मी ते जिन्यातच उघडलं, कारण आमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे, आणि हो, मी ती दुरुस्त करत नाहीये. मी निवृत्त आहे असं सांगून टाकलंय.

तू लिहितेस, "ते वाक्य मला लागलं, पण त्यासाठी मी नऊ वर्षं रुसून बसले नाही. तू चार दिवस घरात होतास. किल्ल्या कुठे, कागद कुठे, पलंग कोणाला द्यायचा, सगळं मला विचारलंस. बाबा कसे गेले हे एकदाही विचारलं नाहीस. अजूनही, तीन पत्रं झाली तरी, विचारलेलं नाहीस."

मी पायरीवर बसलो. वरच्या मजल्यावरच्या बाई खाली येत होत्या, त्यांनी विचारलं, "चक्कर आली का?" मी म्हटलं, नाही, पत्र आलंय.

का विचारलं नाही ते सांगतो. त्या आठवड्यात तू मंगळवारी फोन केलास, "दादा, आज ये, बाबा बरे नाहीत." मी म्हटलं, हॉस्पिटलची लिफ्ट बंद पडलीय, पेशंट अडकलेत, हलता येत नाही. ती लिफ्ट मंगळवारी संध्याकाळीच सुरू झाली होती. बुधवारी मी घरी होतो. गुरुवारीही. पिशवी भरून ठेवली होती. बाबांना तसं बघायला जायचा धीर होत नव्हता, एवढंच. तू सात वर्षं रोज बघत होतीस आणि मला दोन दिवस जमलं नाही. शुक्रवारी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तुला विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस की ते माझी वाट बघत होते. मला ते ऐकायचं नव्हतं. ऐकू आलं नाही तर घडलंच नाही, असं धरून चाललो होतो.

शनिवारी सकाळच्या बसने येतोय. दुपारी पोचेन. तुझं दुकान सुटेपर्यंत समोर कुठेतरी बसेन, आत येऊन तुझ्या गिऱ्हाइकांसमोर नाटक करणार नाही. यायला नको असेल तर लेकीला फोन कर, ती मला सांगेल. नाही केलास तर येतोच. मग पहिल्यापासून सांग. मी मधे बोलणार नाही.

दादा


सोमवार, ६ ऑक्टोबर

मुंगे,

पोचलो सुखरूप. तू दिलेला डबा बसमध्येच संपवला, म्हणजे आता तो परत द्यायला यावं लागेल.

तुझी खोली मला आवडली. बाहेरून वाटते त्यापेक्षा मोठी आहे. आणि तू किती छान दिसतेस, हे तोंडावर सांगायचं राहिलं. तोंडावर सांगितलं असतं तर तू "काय हवंय?" असं विचारलं असतंस. दुकानाच्या काचेतून बाहेर बघून तू पहिलं वाक्य काय बोललीस, तर "तिथे उन्हात काय बसलायस, आत ये मूर्खा." मालकांनी मला स्टूल दिलं तेव्हा माझ्याच्याने नीट आभारही मानवले नाहीत. त्यांना सांग.

मधे बोलणार नाही म्हटलं होतं, ते जमलं नाही. तू त्या गुरुवारचं सांगायला लागलीस. सकाळी त्यांना पुसून घेतलंस, नवा शर्ट घातलास, चमच्याने चहा दिलास. मग ते म्हणाले, "दादा येतोय का?" तू म्हणालीस, "हॉस्पिटलची लिफ्ट बंद आहे म्हणाला." आणि बाबा म्हणाले, "मग आता परत फोन करू नकोस त्याला. वर कोणीतरी अडकलं असेल."

तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे त्यांना माझं खरं वाटलं?" खोटं बोलून मरणाऱ्या माणसाला फसवलं, असं मला वाटत होतं. तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं लहानपणी गणित चुकलं की बघायचीस.

"तुझं कधी काय खरं वाटलं होतं रे बाबांना?" तू म्हणालीस. "हसत होते म्हणताना."

हसत होते. नऊ वर्षं हे तुझ्याकडे होतं. माझ्या नावाचं, माझ्यासाठी राखून ठेवलेलं, आणि मी घ्यायला आलो नाही. तुझा राग आता मला कळला. मी तुझ्या जागी असतो तर मीही नऊ वर्षं बोललो नसतो.

परतीच्या बसमध्ये मी रडलो थोडा. शेजारच्या बाईंनी खिडकीची जागा दिली. मग झोपलो. या वेळी खरोखर झोपलो, कंडक्टरने हलवून उठवलं.

आज सकाळपासून घरात फिरतोय आणि डोक्यात एकच चाललंय. तुला विचारायचं राहिलं. हसले तेव्हा दात लावलेले होते का? कवळी लावून हसायचे ते फोटोतलं हसू, आणि बिनदातांचं हसायचे ते वेगळंच, गाल आत जायचे, डोळे बारीक व्हायचे, आवाज यायचा नाही. मला नेमकं कोणतं ते डोळ्यांपुढे आणायचंय. आठवत असेल तर तेवढं कळव.

तुझा
दादा